विश्लेषण : सोसायटी, पतसंस्थांचे मूळ जर्मनीतल्या खेड्यात! कोण होते रायफायझन?

गावातली विकास सोसायटी, तालुक्याची पतसंस्था, वस्तीतला महिला बचत गट आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करणारी मायक्रोफायनान्स कंपनी. या चौघांनाही एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. ज्याच्याकडे तारण ठेवायला काही नाही, त्याला कर्ज कशाच्या भरवशावर द्यायचे?

या प्रश्नाचे जगभर पसरलेले एक उत्तर १९व्या शतकात जर्मनीतल्या एका डोंगराळ, गरीब भागात तयार झाले. ते शोधणारे फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन बँकर नव्हते आणि अर्थतज्ज्ञही नव्हते. डोळ्यांच्या आजारामुळे सैन्यातून बाहेर पडलेला तो एक सरकारी कारभारी होता. उत्तरापर्यंत पोहोचायला त्यांना १८ वर्षे लागली आणि त्याआधीचे त्यांचे तीन प्रयोग फार टिकले नाहीत. आजच्या कर्जदारासाठीही तीच गोष्ट महत्त्वाची आहे.

रायफायझन कोण होते?

रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी हाम या गावी झाला. झीग नदीकाठचे हे गाव वेस्टरवाल्ड या डोंगराळ पट्ट्यात येते. तेव्हा हा भाग प्रशियाच्या राज्यात होता. नऊ भावंडांत ते सातवे. वडिलांनी काही काळ गावाचा कारभार पाहिला होता, पण पुढे घराचा भार आईवर पडला. मोठ्या शाळेत पाठवायला पैसे नव्हते, त्यामुळे गावच्या धर्मगुरूंनी त्यांना शिकवले. दुसऱ्याला मदत करणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, ही शिकवण त्यांच्या मनात तिथेच रुजली. पुढचे बरेचसे निर्णय त्यातूनच आले.

१७व्या वर्षी ते तोफखान्यात भरती झाले. मात्र डोळ्यांच्या विकारामुळे १८४३ मध्ये सैन्य सोडावे लागले. त्यानंतर ते मुलकी सेवेत आले आणि १८४५ मध्ये वायरबुश येथे त्यांची महापौर म्हणून नेमणूक झाली. महापौर म्हटल्यावर मोठे शहर डोळ्यांपुढे येते, पण हे पद आपल्याकडच्या गटविकास अधिकाऱ्याच्या जवळचे होते. आसपासच्या छोट्या गावांची शाळा, रस्ते आणि गरिबांची मदत हे सगळे त्यांच्याकडे होते. त्याच वर्षी त्यांचा विवाह एमिली श्टॉर्क यांच्याशी झाला.

१८४६च्या दुष्काळात काय घडले?

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी संकट आले. युरोपभर बटाट्यावर करपा पडला होता, धान्याचे पीकही बुडाले होते. १८४६-४७च्या हिवाळ्यात वेस्टरवाल्डमधल्या गरिबांची भाकरीच महाग झाली. सरकारने धान्य पाठवले, पण ते रोख पैसे घेऊनच विकावे असा आदेश होता. ज्यांना धान्याची सर्वाधिक गरज होती, त्यांच्याकडेच रोख पैसे नव्हते.

रायफायझन यांनी आदेश बाजूला ठेवून धान्य उधारीवर वाटले. गावातल्या सुस्थितीतल्या लोकांना एकत्र करून त्यांनी एक निधी उभा केला. त्यातून बाहेरून धान्य आणले, सार्वजनिक भट्टी बांधली आणि पाव भाजून उधारीवर दिला. उधारी पुढच्या हंगामात फेडायची होती. वायरबुशमध्ये पावाची किंमत जवळपास निम्म्यावर आली. ही संस्था ‘ब्रेड संघ’ म्हणून ओळखली जाते. पुढे या निधीतून बियाण्याचे बटाटेही पुरवले गेले.

म्हणजे फुकट वाटपाऐवजी त्यांनी उधारी निवडली. पैसा मात्र श्रीमंतांचा होता. त्यामुळे दुष्काळ सरला तसे संस्थेचे कामही संपले.

सावकाराच्या गायीचा सापळा काय होता?

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. इथे त्यांच्यापुढे वेगळे दुखणे आले. छोट्या शेतकऱ्याला गाय घ्यायला पैसे नसत. व्यापारी त्याला गाय सांभाळायला देई. चारा शेतकऱ्याचा, राबणूक शेतकऱ्याची, पण मालकी व्यापाऱ्याची. गाय चांगली पोसली गेली की व्यापारी ती घेऊन जाई आणि विकून टाकी. शेतकऱ्याच्या गोठ्यात पुन्हा काहीच उरत नसे, वर देणे असेच. आपल्याकडे सावकाराच्या वहीत एकदा अंगठा उमटला की पिढ्यान्‌पिढ्या सुटका नसे, त्याच जातीचा हा फास होता.

१८४९ मध्ये रायफायझन यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मदत संघ काढला. सुमारे ६० सधन लोकांनी आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी हमी दिली. त्या हमीवर बाहेरून पैसा मिळाला, त्यातून संघाने जनावरे विकत घेतली आणि ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांवर दिली. गाय पहिल्या दिवसापासून शेतकऱ्याची. पुढे संघ रोख कर्जही देऊ लागला.

ज्याला तारण नाही, त्याला चारचौघांच्या एकत्रित हमीवर पैसा मिळू शकतो, हे इथे सिद्ध झाले. मात्र या रचनेत जोखीम घेणारे एका बाजूला होते आणि कर्ज घेणारे दुसऱ्या बाजूला.

दानावर चालणारी व्यवस्था का थकली?

१८५२ मध्ये ते ऱ्हाइन नदीकाठी नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला आले. तिथे १८५४ मध्ये त्यांनी धर्मादाय संघ स्थापन केला. हा त्यांचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयोग होता. निराधार मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना मदत, बेकारांना काम आणि गरजूंना कर्ज असे सगळे एकाच छत्राखाली आणायचे होते.

काही वर्षांत बाकीची कामे मागे पडली आणि कर्जवाटप तेवढे चालू राहिले. पण तेही डळमळू लागले. सधन सभासदांना यातून काही मिळत नव्हते. कर्ज बुडाले तर घरदार त्यांचे जाणार होते. सुरुवातीचा उत्साह ओसरला तसे एकेक जण अंग काढून घेऊ लागला.

रायफायझन यांच्यासाठी हे स्वीकारणे सोपे नव्हते. सधनांनी दुर्बलांचा भार उचलावा, हीच त्यांची श्रद्धा होती. दुसरीकडे हेरमान शुल्झे-डेलिच हे उदारमतवादी नेते शहरांतल्या कारागिरांसाठी सभासदांच्याच पैशावर चालणाऱ्या पतसंस्था उभ्या करत होते. रायफायझन यांनी त्या कामाचा अभ्यास केला, शुल्झे यांच्याशी पत्रव्यवहार केला. आपल्या संघाची अवस्था पाहून त्यांनी अखेर दिशा बदलली. चांगुलपणाच्या जोरावर संस्था सुरू होऊ शकते, पण वर्षानुवर्षे चालत नाही, हे त्यांनी अनुभवातून ओळखले.

१८६४ची संस्था वेगळी कशी होती?

१८६४ मध्ये हेडेसडॉर्फ कर्ज संघ स्थापन झाला. नियम सरळ होता. कर्ज हवे असेल तर आधी सभासद व्हा आणि इतरांच्या कर्जाची जबाबदारीही घ्या. म्हणजे मदत करणारा आणि मदत घेणारा हा फरकच पुसला गेला.

या संस्थांची घडी पुढे अशी बसली. कार्यक्षेत्र एका गावापुरते किंवा एका चर्चच्या हद्दीपुरते, म्हणजे प्रत्येक सभासद दुसऱ्याला ओळखेल एवढेच. भागभांडवल अगदी नाममात्र किंवा अजिबात नाही, कारण गरिबाकडे शेअर घ्यायला पैसे कुठून येणार? पदाधिकाऱ्यांना मानधन नाही, फक्त हिशेब ठेवणाऱ्याला मोबदला. कर्ज बी-बियाणे, जनावरे, अवजारे अशा कमाई वाढवणाऱ्या कामासाठीच, जामीनदार घेऊन. परतफेडीची मुदत शेतीच्या चक्राला धरून, गरज असेल तर काही वर्षांची. आणि नफा वाटायचा नाही, तो कायमच्या राखीव निधीत टाकायचा.

याच संस्थेत गावातली माणसे आपली छोटी बचतही ठेवत. मोलकरणीचे चार पैसे आणि शेतकऱ्याचे पीक विकून आलेले पैसे एकाच तिजोरीत जात आणि त्याच गावातल्या दुसऱ्याला कर्ज म्हणून मिळत. ठेवीवर व्याज मिळे आणि गावचा पैसा गावातच फिरे.

‘अमर्याद जबाबदारी’ म्हणजे नेमके काय?

रायफायझन पद्धतीचा हा कणा आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा गावात ५० कुटुंबे सभासद आहेत आणि प्रत्येकाची मालमत्ता दोन लाख रुपयांची आहे. एकट्याला कोणी कर्ज देणार नाही. पण ५० जण आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी एकमेकांसाठी उभे राहिले, तर संस्थेमागे एक कोटी रुपयांचे बळ उभे राहते. अशा संस्थेत १० लाखांच्या ठेवी ठेवायला कोणी कचरणार नाही.

आता एकाने २० हजार बुडवले, तर आधी त्याच्या जामीनदाराकडून वसुली होईल. नाही झाली तर राखीव निधी वापरला जाईल. तोही पुरला नाही तर उरलेल्या ४९ जणांवर प्रत्येकी चारशे रुपयांच्या आसपास बोजा येईल.

साहजिकच प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून पाहतो. बैलासाठी घेतलेले कर्ज लग्नात तर उडाले नाही ना, याची चौकशी शेजारीच करतो. शहरातल्या बँकेला ही माहिती मिळवायला मोठा खर्च येईल, गावाला ती आयतीच मिळते. कार्यक्षेत्र छोटे ठेवण्यामागे हे कारण होते.

पण छोटेपणात धोकाही आहे. गारपीट झाली तर सगळ्या गावाचेच पीक जाते आणि सगळेच एकदम थकबाकीदार होतात. त्यावर उपाय म्हणून रायफायझन यांनी गावोगावच्या संस्थांची मध्यवर्ती बँक १८७२ मध्ये नॉयवीड येथे उभी केली. एका गावातला जादा पैसा अडचणीतल्या दुसऱ्या गावाला मिळावा, हा हेतू होता. प्राथमिक सोसायटी, तिच्या वर जिल्हा बँक आणि त्यावर राज्य बँक ही आपल्या ओळखीची उतरंड त्याच विचाराची आहे.

दृष्टी गेल्यावर काम कसे चालले?

संस्थेला यश येत होते, तेव्हा घरात मात्र संकटांची रांग लागली होती. १८६३ मध्ये पत्नी एमिली यांचे निधन झाले. स्वतः रायफायझन आजारपणाने खचले होते आणि दृष्टी झपाट्याने जात होती. १८६५ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी त्यांना नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. घर चालवण्यासाठी त्यांनी आधी सिगारचा छोटा कारखाना काढला, नंतर वाइनचा व्यापार केला.

तरीही १८६६ मध्ये त्यांचे कर्ज संघांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. संस्था कशी काढायची, नियम कोणते, हिशेब कसे ठेवायचे हे सगळे त्यात होते. ते वाचून गावोगावी संस्था निघू लागल्या. रायफायझन यांना मात्र स्वतः लिहिणे-वाचणे जवळपास अशक्य झाले होते. ते सांगत आणि थोरली मुलगी अमालि लिहून घेई. पत्रे वाचून दाखवण्यापासून मजकूर तयार करण्यापर्यंतचे काम तिने वर्षानुवर्षे केले. या चळवळीच्या इतिहासात तिचे नाव फार उशिरा घेतले जाऊ लागले.

शुल्झे यांच्याशी वाद कशावरून झाला?

दोघांचीही वाट स्वावलंबनाची होती, पण तपशिलात मोठे अंतर होते. शुल्झे यांच्या संस्थांत सभासदाने शेअर घ्यायचा, नफ्यातून लाभांश मिळायचा आणि कर्ज काही महिन्यांत फेडायचे. शहरी कारागिराला ते परवडे. शेतकऱ्याचा पैसा मात्र पीक हाती आल्यावरच येतो.

शुल्झे यांचा आक्षेप होता की, कधीही परत मागता येणाऱ्या ठेवींतून अनेक वर्षांची कर्जे देणे धोक्याचे आहे. ठेवीदार एकदम आले तर संस्था कोलमडेल. मध्यवर्ती बँकेच्या रचनेवरही त्यांनी कायद्याचे बोट ठेवले आणि १८७६ मध्ये हा विषय संसदेपर्यंत नेला. परिणामी रायफायझन यांना मध्यवर्ती बँकेची फेररचना करून ती भागधारक कंपनीच्या रूपात आणावी लागली. अलीकडच्या काळात बँका अडचणीत येतात तेव्हा ठेवींची मुदत आणि कर्जांची मुदत यांतील हीच तफावत अनेकदा कारण असते. त्या अर्थाने शुल्झे यांचा इशारा चुकीचा नव्हता.

रायफायझन यांच्या विचारांना एक काळी बाजूही आहे. त्यांच्या सावकारविरोधी लिखाणात ज्यूद्वेषी विधाने आढळतात आणि जर्मनीत त्यावर चर्चा झाली आहे. कर्जाच्या सापळ्याचे कारण व्यवस्थेत होते, हे त्यांच्याच कामाने दाखवले होते. तरी एका समाजाला दोष देण्याच्या त्या काळच्या प्रवाहापासून ते अलिप्त राहिले नाहीत.

७०वा वाढदिवस काही दिवसांवर आला असताना, ११ मार्च १८८८ रोजी हेडेसडॉर्फ येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या संघटनेत चारशेहून अधिक संस्था होत्या. आज ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत त्यांच्या नावाच्या बँका आहेत. नेदरलँड्सच्या राबोबँकेच्या नावातला ‘रा’ हा रायफायझन यांचाच. सहकारी संस्थांची कल्पना आणि परंपरा युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

महाराष्ट्राशी संबंध काय?

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या आणि दख्खनचा उठाव पेटला. त्यानंतर विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी शेतकऱ्यांसाठी कृषी बँकेची योजना मांडली, पण इंग्लंडमधून तिला मंजुरी मिळाली नाही. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या पतव्यवस्थांच्या अभ्यासाला लावले. १८९५ आणि १८९७च्या त्यांच्या अहवालांचा निष्कर्ष रायफायझन पद्धतीच्या बाजूने होता.

त्यातून १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा आला. ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्व त्यात घेतले होते. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कणगिनहाळ येथे पहिली कृषी पतसंस्था निघाली. हे गाव आता कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात आहे. १९२३ मध्ये विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी येथे पतपेढी काढली. त्याच माणसांच्या विश्वासातून पुढे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

मग सावकारी का संपली नाही?

१९५१-५२च्या परिस्थितीवर आधारित अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. पाहणी समितीत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. ५० वर्षांनंतरही बहुतांश कर्ज सावकारांकडूनच येत होते.

कायद्याने नियम आणले, पण जर्मन गावातली बचत आणली नाही. आपल्याकडच्या बहुतेक सोसायट्यांत पैसा वरून आला. जातीपातींत विभागलेल्या गावात सगळे समान सभासद म्हणून बसणेही सोपे नव्हते. पैसा आपला नसेल, तर तो बुडण्याची काळजी शेजाऱ्याला का वाटावी?

बचत गटांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्यात महिला आधी आपली बचत जमवतात, आपसात कर्ज देतात आणि मग बँकेकडे जातात.

आजच्या कर्जदाराने काय पाहावे?

मायक्रोफायनान्स कंपन्यांची गटकर्जे वरवर रायफायझन पद्धतीसारखी दिसतात. पाच-दहा जणींचा गट असतो, एकीचा हप्ता थकला तर बाकीच्यांवर दबाव येतो. पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा बिगरबँक मायक्रोफायनान्स कंपन्यांना ठेवी स्वीकारता येत नाहीत. म्हणजे गटाच्या वाट्याला जबाबदारी येते, पण पैसा, नफा आणि निर्णय कंपनीकडे असतात. हेडेसडॉर्फमध्ये जो जबाबदारी घेई, तोच व्याजदरही ठरवे आणि कोणाला कर्ज द्यायचे हेही ठरवे.

२०१०च्या आंध्र प्रदेशातल्या संकटाने या फरकाची किंमत दाखवून दिली. एकाच घरावर अनेक कंपन्यांची कर्जे चढली होती आणि वसुलीच्या सक्तीवरून मोठा उद्रेक झाला. २०२२च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज मिळते. मात्र कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. गटात सही करण्यापूर्वी हा हिशेब घरी मांडून पाहावा.

बचत ठेवतानाही फरक लक्षात घ्यायला हवा. सहकारी बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. तिथे ठेवीदाराचा आधार म्हणजे संस्थेचा कारभार, राखीव निधी आणि सभासदांची जागरूकता. त्यामुळे वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद, थकबाकी आणि संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे विचारणे हा आपल्याच पैशाचा पहारा ठरतो. रायफायझन यांच्या गावात हे काम प्रत्येक सभासद करत असे.